उंच माणसांच्या सह्या

तिरोड्याच्या बाजारात खुशाल बिसेनचं किराणा दुकान होतं, आणि दुकानापेक्षा दुकानदार उंच होता. लोक हे हसण्यावारी म्हणायचे, पण खोटं नव्हतं. छपराखाली मान मोडूनच त्याला गूळ जोखावा लागे. गावात कोणाच्या घरची कोळ्यांची जाळी काढायची असली, माळ्यावरचं मडकं उतरवायचं असलं, की बोलवा खुशालला. लग्नात तर फजितीच झाली. अंतरपाट धरला तो त्याच्या छातीपर्यंतच आला. नवरी वेळेआधीच दिसली. भटजी ओरडले, "अरे, डोळे मीट!" सुमित्राबाई वीस वर्षांनीही सांगायची, "मिटले कायचे? एक उघडाच होता यायचा!"

१९५५च्या उन्हाळ्यात मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब बाडबिस्तरा आवरून मायदेशी गेला आणि त्याची रद्दी खुशालच्या दुकानात आली. हळद बांधायला पान फाडता फाडता खुशालचा हात थांबला. फोटोत आठ-दहा गोरी माणसं उभी होती. सगळी चड्डी-बनियनवर, सगळी ताडमाड, आणि एवढ्या लांब हातांचं करायचं काय हे न समजल्यासारखी.

हायस्कूलचे केशोराव मास्तर चहापत्ती घ्यायला आले होते. मूळचे नागपूरचे, इंग्रजी शिकवायचे. खुशालनं पान त्यांच्यासमोर धरलं.

"हा बास्केटबॉल," मास्तर म्हणाले. "चेंडू टोपलीत टाकायचा. टोपली उंचावर बांधलेली असते आणि तिला बूड नसतं."

"मंग चेंडू खाली पडून जाते ना!"

"पडूच द्यायचा असतो."

"आन् याचे पैसे भेटतेत?"

"मिळायचे. आता हे म्हातारे झालेत. कोण कुठल्या गावी काय करतो ते इथं छापलंय. तिकडची पोरं यांना टपालानं पत्र पाठवून सह्या मागवतात म्हणे."

खुशालनं हळद दुसऱ्या पानात बांधली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो मास्तरांच्या दारात उभा होता. अर्थात वाकून. "मास्तर, मलेबी सह्या पायजे. यायले लिवा. आन् इचारा का बाजेवर कसे झोपता, दाराले डोकं लागते का, बायको हासते का."

मास्तरांनी मान डोलावली आणि पत्रं लिहिली.

पावसाळाभर खुशाल पोस्टमनची वाट बघत होता. पहिलं पाकीट आलं तेव्हा दुकानासमोर गर्दी जमली. आत एक कार्ड, कार्डावर एक सही. कोंबडीनं अंगण उकरावं तशी. सुमित्राबाईनं ती उलटीसुलटी करून पाहिली. "एवढी शाई सांडाले समुद्रापारच्या माणसाले तकलीफ दिली? आपल्या घरी दौत होती ना!"

दुसऱ्यानं विम्याची जाहिरात पाठवली आणि तिच्या खाली सही ठोकली. तिसरं पत्र जसंच्या तसं परत आलं, वर शिक्का मारून. मास्तरांनी शिक्का वाचला. "वारले बिचारे."

"वारले तं वारले. जवाब तं आला ना," खुशाल म्हणाला आणि तेही पाकीट त्यानं इतरांबरोबर भिंतीला चिकटवलं.

पण मनातून तो खट्टू झाला होता. बाजेचं, दाराचं कोणीच काही लिहिलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यानं मास्तरांना गाठलं. "खरं सांगा. मी जे इचारलं ते तुमी लिवलं का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "अहो, मोठ्या माणसांना असं विचारतात का? मी लिहिलं, आपल्या दैदीप्यमान कारकिर्दीस माझा विनम्र प्रणाम."

"कारकिर्दीले प्रणाम करून मी काय करू? मी तो खेळ पायलाबी नाई!"

फोटोतला एकच माणूस पत्र लिहायचा उरला होता. वॉल्टर ग्रीली. इंडियाना नावाच्या प्रांतात बी-बियाण्यांचं दुकान चालवत होता. "इंडियाना?" खुशाल म्हणाला. "म्हणजे आपलाच कोनी दिसते." या खेपेला तो मास्तरांच्या शेजारी मांडी ठोकून बसला आणि प्रत्येक ओळ लिहिल्यावर मराठीत सांगायला लावली. मास्तरांनी एकदा 'विनम्र' घुसवायचा प्रयत्न केला, तो पकडला गेला.

उत्तर दिवाळीनंतर आलं. सही होतीच, पण तिच्या वर दोन पानं भरून मजकूर होता. दुकानाच्या फळीवर बसून मास्तर वाचून दाखवू लागले. सुमित्राबाई तांदूळ निवडत ऐकत होती.

वॉल्टरनं लिहिलं होतं: 'तीस वर्षं लोक मला एकाच सामन्याबद्दल विचारतात. बिछान्याबद्दल तुम्हीच पहिले. मी तिरपा झोपतो. म्हणून बायको लग्नाच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या खोलीत गेली, आणि आम्ही सुखात आहोत. दारांना डोकं लागतं. चर्चमध्ये मला शेवटच्या बाकावर बसवतात. आणि कोणाच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला गेलो, की माझ्या बाजूनं शवपेटी वर होते आणि मेलेला माणूस दुसऱ्या बाजूला सरकतो.'

खुशालनं मांडीवर थाप मारली. "आयकलं का वो? तेथीसुद्धा सरकते!" दोन वर्षांमागं चुलत्याची तिरडी उचलताना हेच झालं होतं. चुलता पायाकडून घसरायला लागला. "पयले याले बाजूले काढा," असं भर रस्त्यात भाऊबंद ओरडले. तेव्हापासून खुशाल सगळ्यांच्या मागून चालायचा, हात रिकामे घेऊन. ही गोष्ट त्यानं कोणापाशी काढली नव्हती. आता तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. सुमित्राबाईनं सुपातली नजर वर केली.

"पुढं वाचू?" मास्तर म्हणाले. "लिहितात की, एकोणीस वर्षांचा होईतो मी वाकून चाललो. मग मला हा खेळ सापडला. तुम्हाला तो सापडला नाही, तुमच्या गावात टोपल्यांना बूड असेल. तरी ताठ उभे राहा. आणि तसे उभे राहून काढलेला एक फोटो मला पाठवा, खाली सही करून."

खुशाल त्याच क्षणी ताठ उभा राहिला. टाळकं धाडकन वाशाला लागलं.

"आता टेंगळासगट काढा फोटो," सुमित्राबाई म्हणाली. पण गुरुवारी गोंदियाच्या गाडीत तीही नवं लुगडं नेसून बसली.

गोंदियाच्या फोटोवाल्यानं मागं पडदा लावला होता. पडद्यावर राजवाडा, राजवाड्यापुढं तळं, तळ्यात बदकं. खुशाल पुढं उभा राहिला तर डोकं राजवाड्याच्याही वर, थेट चुन्याच्या भिंतीवर गेलं.

"सेठ, कुर्सी पे बैठ जाओ," फोटोवाला काकुळतीनं म्हणाला.

"बसून काढाचा असता तं गाडीभाडं कायले खर्च केलं? खडाच निकालो."

"तो फिर पैर कटेंगे."

"कटू दे जी पाय," सुमित्राबाई मध्येच बोलली. "पाय कोनाचेबी सारकेच असतेत." आणि ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. फोटोत ती त्याच्या कोपरापर्यंत आली. तो गुडघ्यांपासून वर, मान सरळ, कपाळावर टेंगूळ. खाली त्यानं देवनागरीत ठसठशीत सही केली. तिनं त्याच्या सहीवर अर्धा चढवून आपला अंगठा उठवला.

फोटो गेला. भिंतीवरच्या बाकीच्या सह्यांना चुलीच्या धुरानं रंग चढला, पण खुशालनं दुसऱ्या कोणाला लिहिलं नाही. त्याची गरज उरली नव्हती. बाजारातून तो मान वर करून चालायला लागला, आणि पोरं मागून 'ताड चालला' म्हणाली की वळून म्हणायचा, "इंडियानात माह्यापेक्षा मोठा हाय!"

पुढच्या पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना वॉल्टरचं पत्र आलं. त्यानं फोटो आपल्या दुकानात, गल्ल्याच्या वर टांगला होता. गिऱ्हाईकं विचारायची, हा कोण? तो सांगायचा, माझा भारतातला भाऊ, आणि शेजारी उभी ती खरी मालकीण. फक्त एक कळत नव्हतं. भावाच्या डोक्याजवळ, भिंतीवर एक लहानसा प्राणी दिसत होता. तो कोण?

खुशालनं फोटोची आपल्याकडची प्रत आणून उजेडात धरली. "पाल हाय वो ते! लिवा मास्तर, पाल."

मास्तरांनी लेखणी बुडवली.

"आन् हेबी लिवा," आतून सुमित्राबाई ओरडली, "का फोटोवाल्याची हाय म्हना. आमच्या घरची नोहे."