पाणी दाखवणारा अभिराम

“बघा काकू, रोज हेच पिता तुम्ही,” म्हणत अभिरामने तपासणीच्या यंत्राचं बटण दाबलं. इंदूरमधल्या स्नेहलतागंजच्या त्या दिवाणखान्यात टीपॉयवर दोन पेले होते, दोन्हींत यंत्राच्या लोखंडी सळ्या. फिल्टरच्या पाण्याला काही झालं नाही. नळाच्या पाण्यात बुडालेल्या सळ्यांभोवती मात्र मिनिटभरात तपकिरी गाळ दाटला. काकूंनी तोंडाला पदर लावला. फिल्टर विकला गेला.

हा गाळ पाण्यातला नसतो, हे अभिरामला चौदा वर्षं ठाऊक होतं. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि सळीचंच लोखंड विरघळून गंज होऊन बाहेर पडतं. फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून ते सभ्य राहतं. चिमूटभर मीठ टाकलं तर तेही तसंच गढूळ होईल. पण मीठ कोण टाकतंय?

जुन्या इंदूरच्या आपल्या गल्लीत हे गुपित तो चहाबरोबर फुकट वाटायचा. “अरे, सब लोखंड है! आपलं बोरिंग एकदम ओके. बिनधास्त प्या.” मशीनवाला माणूसच सांगतोय म्हटल्यावर गल्ली पीत होती.

“अहो, गटार तुंबल्यापासून पाण्याला बदबू येतेय,” बायको, रमा, एकदा म्हणाली.

“लोकांना मी घाबरवतो, आणि तू मला?” तो हसला.

आठवड्याने त्यांची मुलगी श्रेया जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात सलाईनवर होती. “पाणी कुठलं पिता?” डॉक्टरांनी विचारलं. “बोरिंगचं. गटार तुंबलंय तिथे,” रमा म्हणाली.

जंतू त्या पेल्यात कधी दिसलेच नसते, गढूळ असो की स्वच्छ. तपासणी खोटी, म्हणजे पाणी चांगलं, असं त्याने आपलं धरून टाकलं होतं.

तो तडक गल्लीत आला. शेजारच्या भानुमतीताईंचं दार उघडंच होतं.

“ताई, बोरिंगचं पाणी पिऊ नका. गटार मिसळतंय त्यात. निदान उकळा तरी.”

“क्या भिया, टार्गेट कमी पडलं का? आता गल्लीत पण मशीन खपवणार?”

“मशीन आणलंच नाहीये. श्रेया ॲडमिट आहे.”

“अगं बाई! सराफ्यात रात्री चाट-बिट खाल्लं असेल पोरीनं. पाणी तर ओके आहे, तुम्हीच म्हणाला होता.”

“ताई, खरंच सांगतो.”

हे वाक्य तो रोज दहा दिवाणखान्यांत म्हणत असे.

ताई हसत आत वळल्या. बोरिंगच्या नळाखाली नातवंडांच्या शाळेच्या बाटल्या होत्या. एक भरली होती. दुसरी भरेपर्यंत त्या झाकण शोधत राहिल्या.