सुकाणूच्या कन्सोलमधला खरा धूर

मित्रांनो, मुलांच्या विज्ञान केंद्रात जिन्याखाली एक तिरपे टेबल आहे आणि येता-जाता तुम्ही त्याची बटणे दाबता. ते टेबल म्हणजे मी. माझे खरे नाव कन्सोल. आता जुना झालो आहे, पण एके काळी दूरचित्रवाणीवरच्या एका अंतराळयानाचे सुकाणू माझ्याकडे होते.

अशा मालिकांमध्ये यानाच्या पुढच्या दालनात माणसांच्या जागा ठरलेल्या असतात. मधल्या खुर्चीत कॅप्टन, मागे संपर्क अधिकारी आणि सगळ्यांच्या पुढे, मोठ्या पडद्यासमोर, सुकाणूधारी. कॅप्टन हुकूम सोडतो, पण यान वळवावे लागते सुकाणूधाऱ्याला. संकट आले की बाकीचे पडद्याकडे बघत राहतात. याला आपल्या हातांकडे बघावे लागते.

सुतारमामांनी मला बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा बनवला. माझी बटणे म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणे होती आणि वेगाचा दांडा व्यायामाच्या मोडक्या यंत्रातून काढलेला होता. पोटात बारा व्होल्टचे शेहेचाळीस दिवे बसवले. मला दुकानातून बाहेर काढताना मामा म्हणाले, "जा बाबा, तारे बघून ये. आमची काही या भुशातून सुटका नाही." मित्रांनो, तीन वर्षांत मी कितीतरी ग्रह ओलांडले, पण स्टुडिओच्या दारापर्यंतसुद्धा सरकलो नाही.

माझ्यासमोर बसायच्या त्या सुकाणूताई. त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. "होय, कॅप्टन" आणि "वेग वाढवते" यापलीकडे त्यांना फारसे संवाद नसत. तरी त्यांनी माझ्या प्रत्येक बटणाला एक काम नेमून दिले होते. डावे वळण घ्यायचे तर वरच्या ओळीतले तिसरे, थांबायचे तर दांडा खाली आणि मग लाल. ही नेमणूक त्यांनी कधीही बदलली नाही. प्रेक्षकांची पत्रे येत, "यान खरंच या बाई चालवतात असं वाटतं." तेव्हा मला फार अभिमान वाटे.

कॅप्टनसाहेबांची गंमत वेगळीच होती. संध्याकाळी काम संपले की ते मोटारीची किल्ली ताईंपुढे धरत.

"तेवढी गाडी मागे काढून दे गं. भिंतीला लागेल."

"अहो, रोज आकाशगंगा ओलांडता आणि गाडी काढता येत नाही?"

"आकाशगंगेला भिंत नसते, बाई."

तिसऱ्या वर्षी दिग्दर्शकांना माझा लखलखाट कमी वाटू लागला. मग दिवेवाल्या काकांनी शेहेचाळीसचे ऐंशी दिवे केले. ट्रान्सफॉर्मर मोठा आणला. तारा मात्र जुन्याच राहिल्या. इथूनच माझ्या जिवाला घोर लागला. विजेचा प्रवाह पावणेदोनपट झाला की तारेतली उष्णता जवळजवळ तिप्पट होते. हे मला कुणी शिकवले नव्हते, मी ते पोटात भोगत होतो.

माझ्या फ्यूजला मात्र ते कळत होते. तो दर दोन-तीन तासांनी वितळायचा आणि मी अंधारा व्हायचो. चौथ्यांदा ऐन दृश्यात असे झाले तेव्हा दिग्दर्शकांचा पारा चढला.

"काका, तुमचा हा फ्यूज एक दिवस माझा जीव घेणार!"

"साहेब, तो बिचारा त्याचं काम करतोय. मला तारा बदलायला दोन दिवस द्या."

"दोन दिवस? दोन मिनिटं नाहीयेत माझ्याकडे!"

काका काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी फ्यूज काढला आणि त्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. "आजच्यापुरती," ते स्वतःशीच म्हणाले. ती तार पाच आठवडे तिथेच राहिली. त्या पाच आठवड्यांत मी एकदाही विझलो नाही. दिग्दर्शक खूश होते. मी मात्र रोज सकाळी दिवे लागले की भीतीने अर्धा होत असे. तारांवरचे प्लास्टिक मऊ पडत चालले होते. ताईंचे गुडघे माझ्या पुढच्या फळीपासून चार बोटांवर असत. त्या अधूनमधून पाय मागे घेत, फळीला हात लावून बघत आणि पुन्हा कामाला लागत. मला वाटे, आता बोलतील. पण तेवढ्यात पुढच्या दृश्याची हाक येई.

मग हल्ल्याचे दृश्य आले. आमच्या यानावर हल्ला व्हायचा तो असा: दिग्दर्शकांचा मदतनीस पातेल्याच्या झाकणावर पळी मारायचा आणि सगळे एकदम डावीकडे कलायचे. दुसऱ्या ठोक्याला उजवीकडे. कुणी चुकून उलटे कलले की हशा पिकायचा. त्या दिवशी मागच्या संपर्क टेबलातून खोटा धूर सोडायचा होता. आणि कलताना सुकाणूताई पडू नयेत म्हणून त्यांच्या कमरेचा पट्टा खुर्चीच्या पाठीमागे गाठ मारून पक्का बांधला होता. पुढची कडी केवळ शोभेची होती. त्यांना स्वतःहून उठता येणार नव्हते.

पहिला ठोका पडला. सगळे डावीकडे कलले. मागून पांढरा, थंड धूर आला. आणि त्याच क्षणी माझ्या पोटात दोन तारा एकमेकींना चिकटल्या.

माझा धूर काळा होता. तो फळीच्या फटीतून थेट ताईंच्या मांडीवर आला.

"वा!" कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक ओरडले. "सुकाणूतूनही धूर! झकास! कुणी थांबू नका!"

ताईंनी खुर्ची मागे रेटली. ती जमिनीला स्क्रूने जखडलेली होती. "धूर खरा आहे!" त्या ओरडल्या.

कॅप्टनसाहेबांना वाटले, पोरीने काय सुंदर वाक्य घातले आहे! त्यांचाही आवाज चढला. "खरा असो नाहीतर खोटा, सुकाणू सोडायचं नाही!"

"मी भाजतेय!"

"आपण सगळेच भाजतोय! यान वाचव!"

दुसरा ठोका पडला. सगळे शिस्तीत उजवीकडे कलले. मित्रांनो, माझ्यासमोर एक माणूस जिवाच्या आकांताने मदत मागत होता आणि दहा-बारा माणसे त्या अभिनयावर खूश होती. तेवढ्यात माझ्या फटीतून ज्योत आली. ताईंनी ती उजव्या हाताने दाबायचा प्रयत्न केला. मग मान वळवून त्या जीव खाऊन ओरडल्या,

"काका, मेन स्विच बंद करा!"

गोष्टीतल्या त्या यानात सगळे काही होते, पण काका नव्हते आणि मेन स्विचही नव्हता. हा अभिनय नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळले. झाकणावर उगारलेली पळी तशीच राहिली. काका भिंतीकडे धावले. खटका खाली आला आणि सगळा स्टुडिओ काळोखात बुडाला. माझ्या पोटातली ज्योत तेवढी दिसत होती. तिच्या उजेडात कॅप्टनसाहेब गाठीशी झटत होते. "सुटत नाही, अगं सुटत नाही," म्हणत त्यांनी शेवटी ती दातांनी सोडवली. कुणीतरी माझ्यावर वाळूची बादली उलटी केली.

ताईंचा तळहात पोळला होता. बाहेरच्या पायरीवर त्या पाण्याच्या बादलीत हात घालून बसल्या. काका समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात ती काळी पडलेली तांब्याची तार होती.

"ही मी बसवली होती," ते म्हणाले.

ताईंनी त्या तारेकडे बघितले. मग म्हणाल्या, "काका, पाच आठवडे माझ्या गुडघ्यांना झळ लागत होती."

"अगं पोरी, मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांची घाई चालली होती. म्हटलं, उगाच आपल्यामुळे खोळंबा कशाला?"

काकांनी मान खाली घातली. "मीही तेच म्हटलं होतं," ते म्हणाले.

दिग्दर्शक दारात उभे राहून हे ऐकत होते. ते आत गेले आणि तारा बदलायला त्यांनी दोन नाही, चार दिवस दिले.

पाचव्या दिवशी तेच दृश्य पुन्हा करायचे ठरले. ताईंच्या हाताला पट्टी होती आणि पट्ट्याची कडी आता खरी होती. सगळे जागेवर बसले, तेव्हा ताईंनी माझ्या फळीवर डावा हात ठेवला आणि मोठ्याने विचारले, "काका, सगळं ठीक?"

"थांब, एकदा बघून सांगतो," काका म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले, माझे दार उघडले आणि एकेक तार चाचपू लागले. अख्खे यान वाट बघत थांबले. कॅप्टनसाहेब खुर्चीत, मदतनीस झाकण धरून, दिग्दर्शक घड्याळाकडे न बघता. कुणीही घाई केली नाही. तशी शांतता मी त्या दालनात पहिल्यांदाच ऐकली.

मित्रांनो, घरात, शाळेत, कुठेही एखादी वस्तू नको तेवढी तापली, जळका वास आला किंवा फ्यूज पुन्हापुन्हा उडू लागला, तर तिला हात लावू नका, पण गप्पही बसू नका. लगेच मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. लोक चिडतील, काम खोळंबेल, कदाचित तुमची चूकही निघेल. निघू द्या. आमचे ते दृश्य पुन्हा करता आले. ताईंचा तळहात मात्र अजून पुरता मिटत नाही.