मामाजींचं मटण

माझ्या सासऱ्यांच्या हातचं मटण आंधळगावात नावाजलेलं आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला हे चार जणांनी सांगितलं आणि पाचव्यांदा खुद्द मामाजींनी. धान कापून घरात आलं की पौषातल्या एका रविवारी आमच्या कोष्टी गल्लीतले सगळे माग बंद राहतात आणि घरंच्या घरं तलावावर जेवायला निघतात. त्या दिवशी बायकांनी चुलीला हात लावायचा नाही, असा रिवाज. मटण करणार चंद्रभानजी, म्हणजे आमचे मामाजी. बाकीचे बाप्ये भोवती बसून अक्कल शिकवणार.

यंदा मात्र जायचं की नाही यावरूनच घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. श्रावणात आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी शब्दांचा एक कागद दिला आणि रोज म्हणवून घ्या म्हणाले. बोलल्याच नाहीत तर वाचा परत येणं कठीण होत जाईल. मामाजी रोज सकाळी मागावर बसण्याआधी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. "म्हण, पाणी. म्हण, गाय." एके दिवशी आईंनी जोर लावून 'पाणी' म्हणून पाहिलं. जे बाहेर आलं ते ऐकून मला हसू फुटलं. मी लगेच तोंड दाबलं, पण त्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर चार महिने आई घरात कुणाशी बोलल्या नाहीत. मामाजी कागद घेऊन बसले की भिंतीकडे तोंड करायच्या.

हे मी अश्विनला, माझ्या नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. त्याऐवजी मी आईंना कसलंच काम पडू दिलं नाही. "तुम्ही आराम करा," म्हणत त्यांचं स्वयंपाकघर मी एकटीने सांभाळलं. मीठ किती टाकू एवढंसुद्धा विचारलं नाही. माझ्या मते ती सेवा होती.

"तिले घरी ठेवून मी नाई जात," मामाजी म्हणाले, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट आईंना टेम्पोत बसवलं.

तलावाच्या पाळीवर मोहाखाली आम्ही सतरंज्या टाकल्या. पाणी काठोकाठ होतं आणि मधोमध रानबदकं बसली होती. पलीकडच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे खुंट पिवळे पडले होते. आल्याचा चहा झाला. बायकांनी जन्मात पहिल्यांदा बसायला मिळाल्यासारखे पाय पसरले. बाप्ये एकेक करून 'लाकडं पाहतो' म्हणत पाळीमागे गेले आणि लाकडं न घेताच, पण फार खुशीत परत आले. मोहाच्या झाडाखाली मोहाचीच, त्यात लपवण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. आई खुर्चीत पाण्याकडे बघत होत्या.

चुलीवरच्या मोठ्या गंजात कांदा लाल झाला, मटण पडलं, आणि मामाजींनी थैलीतून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, तुकड्यात बांधलेली पुडी काढली. गाठ सोडली. आत पांढरं पीठ होतं.

"हे त खळीचं पीठ हाय," शेजारचे श्यामराव वाकून म्हणाले. मागावरच्या सुताला खळ द्यायला आम्ही तांदळाचं पीठ ठेवतो, ते. "मटणाले खळ द्याची का, चंद्रभानजी?"

सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. "दरसाली फळीवर पुडी राहते. मसाल्याची. कोशाच्या कपड्यात."

"ठेवतं कोण?" मी विचारलं. माझा आवाज गोड नव्हता. तीस वर्षं फळीवर मसाला आपोआप उगवतो असं समजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. हातातला झारा त्यांनी अश्विनकडे दिला.

"तयार मसाल्याचं पाकीट आणू काय?" श्यामरावांनी गाडीला किल्ली लावत विचारलं. "गाव कोठं दूर हाय."

"थांब," मामाजी म्हणाले, आणि आईंच्या पायाशी जमिनीवर बसले. "अश्विनची माय, काय काय टाकतेस वो तू?"

आईंनी तोंड फिरवलं. पण तिकडे भिंत नव्हती. तिकडे अख्खी गल्ली बसली होती.

"बरं, मी सांगतो. धने. मिरे. लवंग, कलमी. खोबरं." मामाजी बोटं मोजत होते. तिथून पुढे त्यांचं घोडं अडलं. "आन्... बडीशेप. श्यामराव, बडीशेप आणजो पावभर."

"नाय."

आवाज जाड होता, घशातून आलेला. श्यामरावांनी गाडी बंद केली.

"नाय," आई पुन्हा म्हणाल्या. चांगल्याच चिडल्या होत्या.

"मंग काय?"

त्यांचा जबडा हलला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. मी पदर घेऊन पुढे झाले, तर मामाजींनी माझा हात धरून ठेवला.

"द... दगअ... फू."

"दगडफूल?"

आईंनी मान हलवली. डाव्या हाताची चिमूट करून दाखवली, एवढंच. मामाजींनी विचारलं, "आन्?" आणि त्या सांगत गेल्या. खसखस, जायपत्री, मोठी इलायची. अर्धं तोंडाने, अर्धं हाताने. एकेका शब्दाला मिनिट लागत होतं. कुणी हसलं नाही. मी मोहाच्या खोडामागे जाऊन रडले. मला स्वतःची लाज वाटत होती.

श्यामराव सामान घेऊन आले. मसाला मामाजींनीच तव्यावर भाजला आणि सपाट दगडावर वाटला. मी वाटते म्हटलं, तर म्हणाले, "आज बाईनं हात लावाचा नाई. रिवाज हाय." आई खुर्चीतून बघत होत्या. "बा... रीक," त्यांनी दोनदा वाटायला लावलं. मामाजींच्या कपाळावरून घाम निथळत होता.

जेवायला चार वाजले. पळसाच्या पत्रावळीत भात आणि त्यावर काळा तर्रीदार रस्सा. श्यामराव सवयीने म्हणाले, "चंद्रभानजी, तुमच्या हाताले..." आणि आईंकडे बघत त्यांनी जीभ चावली.

"मी तीस साल फकत ढवळलं, गड्या," मामाजी म्हणाले. पहिला घास त्यांनी आईंना भरवायला घेतला. आईंनी त्यांचा हात बाजूला केला आणि डाव्या हाताने कालवून खाल्लं. बराच भात मांडीवर सांडला. त्यांनी आणखी वाढ म्हणून मला खुणावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी चहा पिऊन तो कागद घ्यायला उठले. आईंनी डाव्या हाताने समोरची जमीन थोपटली. मामाजी कागद न घेताच बसले.

"म्हण," आई म्हणाल्या.

मामाजी आधी बावचळले. मग शाळेतल्या पोरासारखे ताठ झाले. "धने. मिरे. लवंग. कलमी. खोबरं. खसखस. जायपत्री. मोठी इलायची." थांबले. छताकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरातून ओठ हलवून 'दगडफूल' सांगायला गेले, तर आईंनी मला बोट दाखवून गप्प केलं.

"झालं ना?" मामाजींनी विचारलं.

"नाय. पु... न्हा म्हण."

मला हसू फुटलं. या वेळी मी तोंड दाबलं नाही, कारण आईही हसत होत्या. मामाजी पुन्हा धन्यांपासून सुरू झाले.