जोडलेली काठी

लिफ्ट बंद होती. विजयसिंह चार मजले चढून आला आणि बारामतीतल्या त्या फ्लॅटच्या दारात धापा टाकत उभा राहिला. काखेत शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. केसरबाईनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि निवांत न्याहाळलं.

"वळाकलं न्हाय व्हय, आत्या? पाटलांचा विजयसिंह मी."

"वळाकलं की. पोट आज्यावरच गेलंय."

केसरबाईचं माहेर सुप्याजवळचं. गावची लेक म्हणून आता ती सगळ्या गावाची आत्या झाली होती. तिच्या बापाला पाटलांच्या ह्याच घरानं जन्मभर 'कचऱ्या' अशी हाक मारली, आणि आज विजयसिंह त्याला बोलता बोलता तीनदा 'कचरूतात्या' म्हणाला. मेल्यावर माणसाला मान मिळतो म्हणतात. त्याला साठेक वर्षं लागतात, एवढंच.

विजयसिंहानं जुनं घर पाडून बंगला बांधायला काढला होता. माळ्यावर अडगळ निघाली. टाकवेना, ठेववेना. मग त्याला शहाणपण सुचलं, की ज्याची आठवण त्याच्या दारी पोचवावी. आठवडाभर साहेब गाडीतून अडगळ वाटत फिरत होते. सुताराच्या नातवाला रंधा दिला, न्हाव्याच्या घरी धोपटी दिली, प्रत्येक दारात फोटो काढला आणि 'ऋणानुबंध' असं लिहून स्टेटसला टाकला. सुताराचा रंधा पाटलाच्या माळ्यावर कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. फोटोतल्या नातवाला तो कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नव्हतं. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो.

"आज तुमची पाळी, आत्या," म्हणत विजयसिंहानं शाल सोडवून केसरबाईच्या खांद्यावर घातली आणि आतली काठी तिच्या हातात दिली.

घुंगरं वाजली.

केसरबाईचं काळीज लक्कन हललं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. कचरू गावचा येसकर. दिवसभर गावाची कामं करायची आणि दिवेलागणीला ही काठी वाजवत दारोदार उभं राहायचं. आवाज ऐकला की बाया शिळी भाकरी आणून वरून टाकायच्या. पण हे सगळं नंतर कळलं. लहान केसरला घुंगरं म्हणजे एवढंच ठाऊक होतं, की आबा आले, भाकरी आली. ती आवाजाच्या दिशेनं पळत सुटायची. आजही तिचे पाय पळायला निघाले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे पाय, आणि अक्कल आठ वर्षांची.

तिचा मुलगा रविंद्र बँकेत अधिकारी होता. भूक त्यानं फक्त पुस्तकात वाचलेली, त्यामुळे त्याला गहिवर लवकर यायचा. त्यानं काठीवरून हात फिरवला आणि हॉलच्या भिंतीकडे बघितलं.

"आई, हा आपला इतिहास आहे. सोफ्याच्या वर लावू. दोन खिळ्यांत बसेल." म्हणाला आणि हातोडी शोधायला गेलासुद्धा.

केसरबाई काठी फिरवून बघत होती. मध्यावर लोखंडी पट्टा होता, दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेला.

"ह्यो पट्टा कशाचा?"

"आमच्या आज्यांनी मारून घेतलाय, लोहाराला घरी बोलावून," विजयसिंह म्हणाला. "काठी मोडली व्हती म्हणं. तरी टाकली न्हाय त्यांनी. तुमच्या घरावर एवढा जीव, आत्या." त्याचे डोळे खरंच भरून आले होते. सोंग असतं तर परवडलं असतं.

रविंद्र हातोडी घेऊन आला. केसरबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

"आपसूक मोडली न्हवती. माझ्या बापानं मोडली व्हती. आमी बौद्ध धर्म घेतला त्या वर्साला, तुमच्या पायरीवर. गुडघ्यावर घातली, पयल्यांदा मोडंना, दुसऱ्यांदा मोडली. मी मागं हुबी व्हते. तुमचा आजा म्हणाला, 'ठेव तितंच. म्हैन्याभरात पोट तुला हितं आणंल.'"

विजयसिंहानं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आमाला ह्ये कुणी सांगितलं न्हाय, आत्या."

"मलाबी अर्धं आज कळलं. आमी हुलगं उकडून खात व्हतो, आन् तुमी काठी जोडून वाट बघत व्हता."

मग रविंद्र हळूच म्हणाला, "तरी आई, आजोबांचा हात लागलाय तिला."

त्यानं बरोबर दुखरी जागा धरली होती. हात लागला होताच. मुठीची जागा अजून गुळगुळीत होती. हे घर सोडून ती काठी गेली, तर बापाची म्हणून एकही वस्तू जगात उरत नव्हती. कचरूचा साधा फोटोसुद्धा कधी निघाला नाही.

"लागलाय," ती म्हणाली. "आपलं देव कऱ्हेच्या डोहात सोडलं तवा मरीआईचा टाक मी मुठीत लपवला व्हता. लई रडले. आबांनी रडू दिलं, आन् मग येक येक बोट उघडून घेतला. म्हणालं, 'पोरी, जे धरल्यानं मान वाकती ते धरायचं न्हाय.' तवा मी आठ वर्साची व्हते. तू पन्नाशीचा हायेस. ठेव ती हातोडी."

तिनं डोळे मिटून काठी एकदा, एकदाच हलवली. घुंगरं वाजली. मग ती विजयसिंहापुढं धरली.

"घ्या. मोडली तवर आमची व्हती. जोडली तवापासनं तुमची."

"आत्या, मी चांगल्या मनानं..."

"व्हय. म्हणून तर पाणी दिलं."

फोटो राहिला. विजयसिंह उठला. शाल परत मागायचं त्याला सुचलं नाही आणि केसरबाईनंही आठवण केली नाही. शाल उबदार होती. उघडी काठी हातात घेऊन तो जिन्यानं उतरू लागला. आता घुंगरांवर गुंडाळायला काही नव्हतं. पायरीगणिक ती वाजत होती, आणि त्यानं मुठीत धरायला बघितली तर जास्तच वाजत होती.

केसरबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिसरा मजला गेला. दुसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. तिथली बाई आवाजावरूनच बोलली:

"आज काय न्हाय बाबा. पुढं व्हा."

घुंगरं जरा थांबली. मग पुढं गेली.

केसरबाईनं ती पार खाली, गाडीचं दार लागेपर्यंत ऐकली. मग शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि रविंद्रला दार लावून घ्यायला सांगितलं.