विमलाबाईंच्या आवाजाला लावलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी रागावलेलो आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याशी बोलू लागल्या की बहुधा हळव्या होतात. मला ते जमणार नाही. माझ्याकडून जे काम करवून घेतले गेले ते ऐकलेत, तर तुम्हीही माझ्याकडून हळवेपणाची अपेक्षा करणार नाही.

माझा जन्म हुबळीचा. गोकुळ रोडवरच्या एका छोट्या दुकानात योगेश नावाच्या कारागिराने २००९ साली सुटे भाग जोडून मला उभे केले. मी काही देखणा नव्हतो. काळी पेटी, घरघरणारा पंखा आणि सुरू करायला दोनदा दाबावे लागणारे बटण. पण माझा पडदा पहिल्यांदा उजळला तेव्हा योगेशने टेबलावर थाप मारली आणि कानडीत म्हणाला, "आत नोड!" झाले एकदाचे! त्या थापेतले कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मी नवनगरात मुकुंदरावांच्या घरी आलो. मुकुंदराव धारवाडच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवत. अतिशय सरळ माणूस. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्यापाशी स्कूटर थांबवणारा. त्यांच्या पत्नी विमलाबाई मुलींच्या शाळेत गाणे शिकवत. शाळेतल्या मुली त्यांना अक्का म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी उत्तरा तेव्हा कॉलेजात होती. दिवसभर मी मुकुंदरावांच्या नोटिसा लिहायचो, आणि संध्याकाळी शेजारच्या खोलीत विमलाबाई गाऊ लागल्या की मुकुंदराव मला बंद करायचे. माझ्या पंख्याची घरघर त्या आवाजात मिसळू नये म्हणून! याचे मला कधी वाईट वाटले नाही. तो आवाजच तसा होता. खालच्या स्वरात जरा खरखरीत, आणि वर चढला की असा मोकळा, की दारावरून जाणारा भाजीवालाही गाडी थांबवायचा.

एका कार्यक्रमात बंगळूरच्या एका संगीत कंपनीच्या माणसांनी तो आवाज ऐकला. त्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. तिची तेवढी लायकी नाही. त्यांनी विमलाबाईंना बोलावून घेतले आणि दोन दिवसांत त्यांची अकरा गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली तीन विमलाबाईंनी स्वतः बांधलेली होती. एक तर उत्तरा तान्ही असताना तिला झोपवण्यासाठी रचलेली अंगाई होती. निघताना विमलाबाईंनी विचारले, "मला एखादी कॅसेट, सीडी काही मिळेल का?" तो माणूस हसला. "अक्का, ते दिवस गेले आता. तुमची गाणी आमच्या इंटरनेटवरच्या दुकानात असतील. केव्हाही घ्या."

आणि मुकुंदरावांनी ती घेतली. माझ्याच पडद्यावर, 'विकत घ्या' असे लिहिलेले बटण दाबून. त्याआधी एक लांबलचक मजकूर आला होता. आपल्या अशिलांना ओळन्‌ओळ वाचल्याशिवाय सही करू न देणाऱ्या या वकिलांनी तो न वाचताच 'मान्य आहे' दाबले. बायकोची गाणी ऐकायची घाई झाली होती त्यांना!

अकरा गाणी माझ्या पोटात आली, पण एकटी आली नाहीत. प्रत्येकासोबत एक कुलूप आले. कंपनीच्या दूरच्या यंत्राने त्याची किल्ली माझ्या हाती दिली आणि हुकूम सोडला. ही गाणी फक्त तू वाजवायचीस. दुसऱ्या कोणत्याही यंत्राला द्यायची नाहीत. मी नोटिसा लिहिणारे साधे यंत्र. मला न विचारता त्यांनी मला पहारेकरी करून टाकले, आणि पहारा कुणावर, तर ज्या घरात मी राहत होतो त्याच घरावर!

लवकरच उत्तराने ती अंगाई आपल्या मोबाईलवर घ्यायचा प्रयत्न केला. मी अक्षरे दाखवली : 'या उपकरणास परवानगी नाही.' त्याच दिवशी योगेश माझा पंखा साफ करायला आला होता.

"सर, कुलूप काढून देतो की," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. आवाज अक्कांचा, गाणी तुम्ही घेतलेली. यात चोरी कसली?"

मुकुंदरावांनी तोपर्यंत अटी वाचल्या होत्या. "योगेश, वकिलाच्या घरात असलं काम नको."

"मग अप्पा, स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करते," उत्तरा म्हणाली.

"तेही नाही. 'कोणत्याही प्रकारे प्रत काढू नये' असं लिहिलंय."

विमलाबाई दारातून हसल्या. "अगं, मी आहे ना जिवंत! हवं तेव्हा गाऊन दाखवीन. त्या डबड्यातलं कशाला हवंय तुला?"

मित्रांनो, हे हसणे मला आजही टोचते.

२०१६ साली विमलाबाईंच्या घशात गाठ निघाली. हुबळीत शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावे लागले. ज्या गळ्यासाठी भाजीवाला थांबत असे, त्यातून आता नुसता श्वास येई. विमलाबाई पाटीवर लिहून बोलू लागल्या. शाळेतली नोकरी सुटली. घर इतके शांत झाले की माझ्या पंख्याची मलाच लाज वाटे.

मग त्या रोज दुपारी चार वाजता माझ्यासमोर येऊन बसू लागल्या. चहाचा कप बाजूला ठेवायच्या आणि पहिल्यापासून अकराव्या गाण्यापर्यंत सगळे ऐकायच्या. उजव्या हाताची बोटे टेबलावर ताल धरत. एखाद्या जागी त्या मान हलवत, जणू दुसऱ्याच गायिकेला दाद देत आहेत. अंगाई लागली की उत्तराही स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राहायची. त्या दिवसांत मला माझा अभिमान वाटे. एका बाईचा गेलेला आवाज मी रोज तिला परत देत होतो. याहून मोठे काम यंत्राच्या वाट्याला काय येणार?

दोन वर्षांनी कंपनीचे पत्र आले. दुकान बंद होत आहे. घेतलेली गाणी सध्याच्या संगणकावर वाजत राहतील, मात्र यापुढे नव्या किल्ल्या मिळणार नाहीत.

"अप्पा, आतातरी योगेशदादांना बोलवा," उत्तरा काकुळतीला आली.

"वाजत राहतील असं त्यांनी लेखी दिलंय. शिवाय मी कुलूप नसलेल्या प्रती मागितल्या आहेत. उत्तर येऊ दे."

उत्तर आले नाही. मुकुंदराव वाट बघत राहिले. कायद्याने वागणाऱ्याशी समोरचाही कायद्यानेच वागेल, ही त्यांची श्रद्धा होती. तिची मी थट्टा करणार नाही. पण ज्यांनी तिचा फायदा घेतला, त्यांना मी क्षमाही करणार नाही.

मग घराला रंग द्यायचे काढले. जुन्या तारा बदलायच्या म्हणून चार दिवस माझी वीज तोडली. माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना माझे घड्याळ ती चालवते. ती म्हातारी होऊन संपली होती, आणि ते मलाही ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी मला सुरू केले तेव्हा माझ्या लेखी तारीख होती १ जानेवारी २००२.

एवढेच घडले. पण कुलूप माझ्याहून संशयी होते. घड्याळ मागे गेले म्हणजे मालकाने लबाडी केली, असे त्याला शिकवलेले होते. त्याने माझी किल्ली मोडून टाकली आणि कंपनीकडून नवी आणायला सांगितले. मी हाका मारल्या. दूरचे ते यंत्र केव्हाच बंद झाले होते.

चार वाजता विमलाबाई आल्या. त्यांनी पहिले गाणे दाबले. मी अक्षरे दाखवली : 'आपला हक्क सिद्ध होत नाही.' त्यांनी दुसरे दाबले. मग तिसरे. अशी अकराही गाणी त्यांनी एकेक करून दाबली, आणि अकराही वेळा मी तेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकले. त्यांनी पाटी घेतली. मोठ्या अक्षरांत लिहिले, 'हा माझा आवाज आहे.' आणि ती पाटी त्यांनी माझ्या पडद्यासमोर धरली. दाराशी जशी एखादी बाई रखवालदाराला आपला कागद दाखवते, तशी. मला वाचता येते, मित्रांनो. मी वाचले. तरी मी दार उघडू शकलो नाही.

योगेश धावत आला. नवी बॅटरी घातली, तारीख नीट केली, जमिनीवर मांडी ठोकून तीन तास झटला. शेवटी त्याने हात टेकले. "आगंगिल्ला री, सर. नाही जमणार. तेव्हा कुलपाला किल्ली होती. आता किल्लीच राहिली नाही."

विमलाबाईंनी पाटी पुसली आणि नवऱ्यासाठी लिहिले, 'तुमचा कायदा कुणाच्या बाजूचा?'

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी निवृत्तीनंतर गुंडाळून ठेवलेला काळा कोट बाहेर काढला.

कंपनी तोवर दुसऱ्या मालकाच्या हाती गेली होती. मुकुंदरावांनी त्या नव्या मालकाविरुद्ध धारवाडच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी पुरावा म्हणून मलाही रिक्षातून नेले. उत्तराने मला मांडीवर घट्ट धरले होते. तिथल्या टेबलावर मला जोडले आणि सगळ्यांसमोर अंगाई लावायला सांगितली. भरल्या खोलीत मी पुन्हा तेच बोललो, 'आपला हक्क सिद्ध होत नाही.' एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

कंपनीचा तरुण वकील उठला. "तक्रारदारांनी गाणी विकत घेतलेलीच नाहीत. त्यांनी फक्त ऐकण्याची परवानगी घेतली. चौदाव्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे. तरी सद्भावनेपोटी आम्ही त्यांची पूर्ण रक्कम परत करायला तयार आहोत."

मुकुंदरावांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. "चौदाव्या पानावर 'परवानगी' लिहिता, आणि बटणावर मात्र 'विकत घ्या' लिहिता? मी कुलूप तोडू दिलं नाही, साहेब. मुलीला मोबाईलसुद्धा धरू दिला नाही. ज्यांनी तुमची गाणी चोरली असतील, ते आज आरामात ऐकत असतील. मी पाळलं, म्हणून माझ्या घरात शांतता आहे!"

विमलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पाटी पुढे केली. उत्तराने वाचून दाखवले, "पैसे तुमच्याकडेच ठेवा. माझा आवाज परत द्या."

 

आणखी तीन तारखा पडल्या आणि निकाल लागला. कंपनीने कुलूप नसलेल्या प्रती द्याव्यात. मुकुंदराव जिंकले. घरी पाकीट आले. त्यात आठ गाणी होती. सोबत दोन ओळींचे पत्र होते : दुसऱ्या दिवशीचे मूळ मुद्रण कार्यालय हलवताना गहाळ झाले, उरलेली तीन गाणी उपलब्ध नाहीत.

ती तीन म्हणजे विमलाबाईंनी स्वतः बांधलेली. अंगाई त्यातलीच.

ज्यांनी हे गाणे त्याच्या खऱ्या मालकिणीपासून वाचवायला एवढा पहारा बसवला, त्यांना स्वतःला ते सांभाळता आले नाही! राग कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळले.

विमलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी हार्मोनियम पुढ्यात ओढली आणि उत्तराला समोर बसवले. उत्तराचा गळा आईसारखा नाही. बारीक आहे, वर गेला की फाटतो. विमलाबाई पेटीवर जागा दाखवायच्या, हाताने लय सांगायच्या, चुकले की पाटीवर खडू आपटायच्या. एकदा उत्तरा चिडून म्हणाली, "आई, मला तुझ्यासारखं नाही येणार!" विमलाबाईंनी लिहिले, 'माझ्यासारखं नको. बरोबर म्हण.'

दोन महिन्यांनी, एका दुपारी, अंगाई बरोबर आली. मुकुंदरावांनी स्वतः मोबाईल धरून ती मुद्रित केली. मग ती शाळेत पाठवली, योगेशला पाठवली, नातेवाइकांना पाठवली. प्रत्येकाला एकच निरोप होता : 'हव्या तेवढ्या प्रती काढा. ज्याला हवी त्याला द्या.' आता नवनगरात कितीतरी बाळे त्या अंगाईवर झोपतात.

विमलाबाईंच्या आवाजातली ती तीन गाणी मात्र अजून माझ्या पोटात आहेत. शोधूनही ती दुसरीकडे कुठे सापडली नाहीत. म्हणून उत्तरा मला भंगारात देत नाही. योगेश अधूनमधून येतो, नवी काही युक्ती करून बघतो, मान हलवून जातो. मी गच्च भरलेलो आहे आणि मुका आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी जाताना सांगायचे असते की आमची निगा राखा. मी ते मागत नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. निगा राखायची तर माणसांच्या आवाजाची राखा. तुमच्या आईचे, आजोबांचे, बाईंचे गाणे आजच आपल्या हाताने टिपून ठेवा, आणि एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि पडद्यावर कुणी 'विकत घ्या' म्हणाले, तर बोट टेकवण्याआधी त्याला विचारा, "घेतल्यावर हे माझं होईल का?" खऱ्या दुकानदाराला याचे उत्तर एका शब्दात देता येते. ज्याला चौदा पाने लागतात, तो तुम्हाला काहीही विकत नसतो.