तिसऱ्यांदा परत आलेली बंदूक

"बाबा, तुम्ही कधी एखाद्या बंदुकीपुढे हात टेकलेत का?"

हा प्रश्न विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज म्हटलं की मला दम निघत नाही. पण मी तो विचारला कधी, तर नेमक्या बसवाल्या ताई त्यांची शॉटगन घेऊन तिसऱ्यांदा आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढत होत्या तेव्हा.

"बघा, पोरीलाही कळलं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पेटी टेबलावर ठेवली.

बाबांचे कान लाल झाले. चाव्यांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, की पैजेचा सामोसा वगैरे जे काय मिळणार होतं ते घशाखाली उतरलं नसतं.

ताई आठवडाभर बस चालवतात आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर उडत्या मातीच्या तबकड्या फोडतात. त्यांची बंदूक पंपाची. बार उडवला, की पुढची मूठ मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर. मूठ पुढे ढकलायची, नवं काडतूस आत. पण ताईंची मूठ बार झाल्यावर मागे येईचना.

"बसचा गिअर परवडला हो," ताई म्हणाल्या. "परवा संघाची निवड आहे. मी मूठ ओढत बसणार आणि दुसरी तबकडी टाटा करून जाणार."

बाबांनी ती दोनदा पूर्ण उघडली होती, पुंगळी ओढणारा आकडा बदलला होता, स्प्रिंग बदलली होती. दोन्ही वेळा दुकानात ती लोण्यासारखी चालली. बाबांनी पेटी उघडून बंदूक बाहेर काढली. मग म्हणाले, "ताई, माझ्यापेक्षा चांगला कारागीर बघा तुम्ही."

हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. पैज जिंकले होते, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

दुकानात चालते, मैदानात अडते. असं का? आमच्याकडे मूठ तपासायला ॲल्युमिनियमची नकली काडतुसं वापरतात, आजोबांपासूनची. त्यांत दारू नाही, स्फोट नाही. खरं काडतूस उडलं की फुगतं आणि नळीच्या भिंतीला जाऊन टेकतं. नकली कशाला फुगेल?

"ताई, उडवलेल्या पुंगळ्या आहेत का?"

त्यांनी पिशवीच उलटी केली. मी एकेक पुंगळी खिडकीशी धरली. प्रत्येकीच्या पितळी बुडाला, एकाच बाजूला, मांजरीने नखं मारावीत तसे बारीक ओरखडे.

"बाबा, आत खरखरीत आहे."

"दिवा लावून पाहिलंय मी. आरशासारखं चकाकतंय."

"तेल चकाकतंय, बाबा."

बाबांनी एक पुंगळी उचलून ओरखड्यांवरून नख फिरवलं. मग बाबांनी बंदूक माझ्याकडे सरकवली.

आमच्या घरात बंदूक हाती घेतली की आत बघायचं, बोट घालायचं आणि मोठ्याने सांगायचं. दुसऱ्यानेही बघून तेच म्हणायचं.

"रिकामी," मी म्हणाले.

"रिकामी," आई म्हणाली.

नळी काढली. काडतूस बसतं तिथलं सगळं तेल पुसून टाकलं. आणि मी पायातला शाळेचा पातळ नायलॉनचा मोजा काढला.

"अगं, शी!" आई ओरडली. "आजचा आहे का तरी?"

"आजचाच!"

माझे हे मोजे बाकाच्या नसलेल्या खिळ्यालाही अडकतात. पेन्सिलीला गुंडाळून मी मोजा आत फिरवला. खालच्या बाजूला धागा अडकला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच. बाबांनी पेन्सिल घेतली आणि डोळे मिटून फिरवली.

"गंज," ते म्हणाले. "तेलाखाली लपलेला. ताई, पेटीत स्पंज आहे?"

"आहे की. सकाळचं दव असतं, मी तशीच..." ताईंनी कपाळावर हात मारला. "ओल्या बंदुकीला गादीत निजवत होते मी!"

घासायचं काम बाबांनी मला दिलं. ड्रिलला लाकडी दांडी, तिला गुंडाळलेली सगळ्यात बारीक तारेची घासणी, वर तेल, आणि ड्रिल हळू. "पाच आकडे म्हण, थांब, पूस, तपास. जास्त घासलंस तर नळी वाया." पाचव्या खेपेला मोजा सुळकन फिरला. त्याला एव्हाना एकवीस भोकं पडली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं ताईंबरोबर मैदानावर गेलो. पहिला बार झाला. ताईंनी मूठ ओढली आणि पुंगळी टुणकन उडून गवतात पडली. मग दुसरी, दहावी, पंचविसावी. एकही अडली नाही!

"ठीक झाली वाटतं," मैदानाचे रखवालदार काका बाबांना म्हणाले. "तुमच्या हाताला तोड नाही."

"हात हिचा," बाबा म्हणाले. "मी दोनदा चुकलो." इतक्या मोठ्याने म्हणाले, की पलीकडच्या रांगेतल्यांनीही कानावरची झाकणं उचलून बघितलं. आईने पदराआडून नव्हे, चांगलं उघड हसून माझ्या पाठीत धपका घातला.

माझी छाती एवढी फुगली, की मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं:

"आई, बाबा, ऐका. शाळा संपली की मी तंत्रशाळेत यंत्रकाम शिकणार. आणि नंतर आपल्या दुकानात बाबांशेजारी माझं वेगळं टेबल लागेल. विचारत नाहीये, सांगतेय."