चकती कमी सांगते

“मशीन किरणांच्या शेवटाला बारा टक्के कमी देतंय. डोस वाढवा,” म्हणत साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणजे विषय संपला.

ताई हलल्या नाहीत. रुग्णालयाच्या तळघरात बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या. नखाएवढ्या चकत्या किरणांखाली ठेवायच्या, मग तापवायच्या. तापली की चकती उजेड टाकते; तो मोजून किरण किती लागले ते लिहायचं.

“साहेब, मशीन बरोबर आहे. चकती कमी सांगतेय.”

“चकत्या वाचल्या तुम्हीच ना?”

“मीच. म्हणून तर बोलते. आपल्या किरणांतला प्रोटॉन जिथे थांबतो, तिथेच सगळा जोर काढतो. एवढा मार चकतीला झेपत नाही, उजेड कमी पडतो. वरच्या चकत्या बघा, जुळतायत. शेवटच्या दोनच कमी पडल्यात. तिथला आकडा वाढवून धरायचा असतो.”

“कुठे लिहिलंय?”

“माझ्या वहीत. जुन्या साहेबांबरोबर मोजून काढलंय.”

“वहीत! त्यातच भाज्यांची कृतीही असेल.”

दोन डॉक्टर हसले. साहेब हसले की हसायचं, हे त्यांना कॉलेजात न शिकवताही येत होतं.

“मग बाहेर तपासणीला गेलेलं मूळ मोजयंत्र परत येईपर्यंत थांबा. तीनच आठवडे.”

“गाठ थांबते का, ताई? तुम्ही वाचा. अर्थ आम्ही लावू.”

डोस वाढला. वाढीव डोसच्या पेशंटांत एक शिंपी होता; गाठ डाव्या डोळ्यामागे.

तीन आठवड्यांनी मोजयंत्र आलं. मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर निघालं. डोस गुपचूप खाली आला. आतल्या आत चौकशी झाली आणि अहवालात एक ओळ उमटली: तंत्रज्ञाकडून चकतीवाचनात चूक. चोर सोडून संन्याशाला फाशी. ताईंनी तो अहवाल कबूल केला नाही, म्हणून त्यांना नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. पेशंटशी तारखेपलीकडे बोललात तर घरी बसाल, असं वर बजावलं.

आठ महिन्यांनी शिंपी खिडकीशी आला.

“ताई, या डोळ्यापुढे धुकं आलंय. साहेब म्हणतात, सूज आहे, उतरेल. कधी उतरते हो अशी सूज? सुईत दोरा जाईना.”

ताईंच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तारीख द्यायची आणि ‘पुढचे’ म्हणायचं, एवढंच करायचं होतं.

“उतरणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तीन आठवडे किरण जास्त दिले. देऊ नका, असं मी सांगत होते.”

शिंपी ओरडला नाही. खिडकीच्या आणखी जवळ सरकला.

“हे तोंडी झालं. उद्या तुम्हीच म्हणाल, मी कुठे बोलले. इथे सगळे तसेच.”

ताईंनी कागद ओढला. तारखा लिहिल्या, चकतीने सांगितलेला आकडा लिहिला, खरा आकडा लिहिला, खाली स्वतःचं पूर्ण नाव. कागद खिडकीतून सरकवला.

शिंप्याने तो उजव्या डोळ्याजवळ धरला आणि एकेक ओळ वाचू लागला. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. आतून साहेबांच्या माणसाने मान वर केली.

“हा एक का नऊ?” शिंप्याने विचारलं.

“नऊ.”

“बरं,” म्हणून तो पुढची ओळ वाचू लागला. ताईंनी पुढच्या माणसाला हाक मारली नाही.